तिच्या रक्तातलं नव्हतं

नव्वदच्या आसपासची गोष्ट. भाईंदर पश्चिमेच्या मासळीबाजारात ती बसायची. तिचं नाव मी कधी विचारलं नाही. मी शाळेत विज्ञान शिकवतो, एवढं तिला ठाऊक होतं. एकदा बोंबील साफ करता करता ती थांबली, हात धुऊन पदराला पुसले आणि पिशवीतून मुलीचा रिपोर्ट काढला. आठ वर्षांच्या पोरीला रक्ताचा कॅन्सर झाला होता.

"मास्तर, सासू म्हनते, माझ्याच रक्तातनं आलं. खरं हाय का?"

मी वाचलं. पेशींतल्या एका गुणसूत्राचा तुकडा तुटून दुसऱ्याला चिकटला होता.

"नाही. हे आईबापाकडून आलेलं नाही. तिच्याच पेशींत आपोआप घडलंय."

"घरी येऊन सांगाल?"

दुपारी गेलो. म्हातारीने सगळं ऐकून घेतलं.

"मंग दोस कोनाचा?"

"कुणाचाच नाही, आजी."

म्हातारी हुंदके देऊन रडू लागली. इतके दिवस राग काढायला सून होती. आता नुसतं दुःख उरलं.

दोन महिन्यांनी ती मुलगी गेली. पण तिची आई मला आठवते ती त्या दुपारची, सासूचं डोकं छातीशी धरून हळूच म्हणणारी, "रडू नको आय, पोर आत जागी हाय."