वरच्या मजल्यावरची मडम

अल्लानं जगातल्या सगळ्या बाया एकाच बाईत भरल्या, ती आमची मडम. जेद्द्यात मी कफीलच्या, म्हणजे माझ्या अरब मालकाच्या घरी जेवण रांधते. त्याच्याच वरच्या मजल्यावर ती आपल्या डॉक्टर लेकीकडे राहायला आली. अमेरिकेतली पिच्चरची नटी, वय सत्तर. कधी राणी झालेली, कधी चोर, कधी आंधळी, एकदा तर मिशी लावून पुरुष. धोबिणीचं काम मिळालं तेव्हा बयेनं महिनाभर लोकांचे कपडे धुतले म्हणे! बक्षिसाचं पितळी बाहुलं मात्र दार आपटू नये म्हणून दाराला लावलेलं. कुणाचंही चालणं दिसलं की उचलायची. कफीलची आई गुडघे धरून कशी उठते ते तिनं करून दाखवलं, तर मी घाबरून ओढणी सावरली.

माझा नवरा मचव्यासकट दर्यात गेला, तेव्हापासून मी इथं. थोरलीचा निकाह फोनवर ऐकला. आता धाकटीचा ठरला, म्हणून कफीलच्या आईकडे रजा मागितली. ती म्हणाली, "रमजान तोंडावर आलाय, समोसे कोण करणार? खलास."

मडमला सांगितलं, तर ती माझ्यावरच भडकली. तोडक्या अरबीत म्हणाली, "खाला, तू लेकीचं लग्न सांगतेस का मीठ संपलं म्हणून सांगतेस? रड की जरा!" आठ दिवस मला रडायला शिकवलं. स्वतः सांगाल त्या डोळ्यातून रडायची. कांदे चिरले, तर तिचेच डोळे सुजले. मी म्हटलं, "मडम, सवय नाही गं मला."

नवव्या दिवशी माझा झगा नि ओढणी घालून ती खाली गेली. मी दाराआड. वाटलं, आता ही धाय मोकलणार. तर रडलीच नाही. कंबरेवर हात, डावा पाय जरा ओढत गेली, कफीलच्या म्हाताऱ्या आईपुढे उभी राहिली. ओढणीला हात पुसत माझ्याच कोरड्या आवाजात म्हणाली, "धाकटीचा निकाह आहे. थोरलीचा फोनवर ऐकला." बस. नि हात पुसतच राहिली.

म्हातारी आधी हसली. मग त्या पुसणाऱ्या हातांकडे बघत राहिली. इतकी वर्षं मी तिच्यापुढे उभी, पण तिनं मला त्या दिवशी बघितलं. मीपण बघितलं. अशी दिसते होय मी! म्हातारीनं लेकाला हाक मारली, "हिचं तिकीट काढ. यल्ला, लवकर!"

गावी निकाहाला सगळं घर रडलं. मी हात पुसत उभी. परत आले तर वरचा मजला रिकामा, लेकीची नोकरी संपली म्हणून मडम गेलेली. बाहुलं तेवढं माझ्यासाठी ठेवलं होतं. आता माझ्या रांधपाच्या खोलीचं दार तेच धरतं. कधी वाटतं, तिकडे कुठल्या पिच्चरमध्ये ती कंबरेवर हात ठेवून, डावा पाय ओढत चालत असेल. लोक बघत असतील. त्यांना काय ठाऊक, कोण चाललीय ती.