आमचा हाडांचा डॉक्टर

मुलांनो, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "आजी, तू बॉस होतीस ना? मग कुणी चिडकं असलं तर काय करायचीस?" मी विषय बदलला. हे उत्तर लिहूनच द्यावं असं वाटलं.

कल्याणला आम्ही पाच डॉक्टर मिळून एक छोटं हॉस्पिटल चालवायचो. कारभार माझ्याकडे होता. हाडांचा डॉक्टर माझा कॉलेजपासूनचा मित्र. दुपारी सगळे एकत्र डबे उघडायचो, तेव्हा तो आमच्या जुन्या प्राध्यापकांच्या अशा नकला करायचा की घास घशात अडकायचा. आंबिवली, टिटवाळ्याहून पेशंट त्याचं नाव विचारत यायचे. पण ऑपरेशन थिएटरमध्ये त्याची जीभ सुटायची. कात्री द्यायला जरा उशीर झाला की ट्रे आपटायचा, "घरी जाऊन भाकऱ्या थापा" म्हणायचा. मी बोलले की उत्तर ठरलेलं, "बाईसाहेब, माझ्या मनात काही नसतं." खरंच नसायचं. पाच मिनिटांत तो विसरून जायचा. सिस्टर विसरायच्या नाहीत.

जेवून तो घरी जाऊन झोपायचा. चार वाजेपर्यंत त्याला उठवायची कुणाची छाती नव्हती. एकदा फोन करून उठवलं म्हणून एका सिस्टरला त्याने भर वॉर्डात झापलं होतं. तीच सिस्टर एका दुपारी धावत माझ्या ओपीडीत आली. सकाळी त्याने एका लहान मुलीच्या हाताला प्लास्टर घातलं होतं. आता हात सुजून बोटं निळसर पडली होती, पोर किंचाळत होती. मी वर जाऊन आधी प्लास्टर कापलं. बोटांवर लाली परत आली, तेव्हा विचारलं, "केव्हापासून असं आहे?"

"तासभर झाला, मॅडम. म्हटलं, चार वाजू देत."

प्लास्टरनंतर सूज कुणाच्याही पेशंटला येते. पण डॉक्टरला हाक मारायची भीती वाटावी, हे मला चालणार नव्हतं. संध्याकाळी त्याला केबिनमध्ये बोलावलं.

"त्या सिस्टरची माफी माग. सगळ्यांसमोर."

"मी? अगं, वेड लागलंय का तुला?"

"नाहीतर सोमवारपासून इथे ऑपरेशन करायचं नाही."

तो हसला. मी हसले नाही, तेव्हा त्याचा चेहरा उतरला. "इतक्या वर्षांची ओळख, आणि तू सांगतेस?"

"म्हणूनच मी सांगतेय. दुसऱ्या कुणाला सांगू दिलं नाही."

माफी त्याने मागितली नाही. आपला एकेक पेशंट दुसऱ्या डॉक्टरला शांतपणे समजावून दिला आणि ठाण्याला कोलशेतकडे स्वतःचं हॉस्पिटल काढायला निघून गेला.

सिस्टर मोकळेपणाने बोलू लागल्या, वेळेवर हाका मारू लागल्या. पुन्हा तशी वेळ आली तर मी तेच करीन. पण दुपारचे डबे त्यानंतर फार लवकर संपायचे.

मागच्या हिवाळ्यात डोंबिवलीला एका लग्नात तो भेटला. केस पांढरे, हातात काठी.

"काय बाईसाहेब, अजून हुकूम सोडता?"

"तू अजून ओरडतोस?"

"छे! आता बायकोची पाळी."

खूप हसलो. मग एकदम म्हणाला, "ती सिस्टर कुठे असते गं?"

"शहाडला. रिटायर झाली."

"तिला सांग..." तेवढ्यात कुणीतरी त्याला फोटोसाठी ओढून नेलं, आणि गर्दीत तो परत दिसलाच नाही.

सिस्टरला मी काही कळवलेलं नाही. अर्धा निरोप कसा देणार? त्याचा नंबर मिळवलाय. आज-उद्या फोन करीन म्हणते. तो वाक्य पुरं करेल, नाहीतर थट्टेवारी नेईल. मला काहीही चालेल, तो बोलला म्हणजे झालं.