डाव्या सीटसाठी जीपीएस : लातूर ते उमरी

मी गाडी चालवायला शिकले ती हौसेनं नाही, यांचे डोळे अधू झाले म्हणून. आमचे हे बियाण्यांच्या कंपनीत फिरतीवर होते. हदगाव, भोकर, उमरी ही त्यांची लाईन. यांनी चहा घेतला नाही असं तिकडचं एकही कृषी केंद्र नसेल. आता दोन्ही डोळ्यांची मधली नजर गेली आहे. कडेचं दिसतं, मोठं दिसतं, ठळक रंग कळतात, पण समोरच्या माणसाचा चेहरा फडक्यानं पुसल्यासारखा दिसतो. डॉक्टर म्हणाले, आहे तेवढी नजर टिकवू. तेव्हापासून यांनी आमच्या गाडीत बसणंच सोडलं. दवाखान्यालाही रिक्षानं जायचे.

"नुसतं सामान म्हणून कामून बसू?" एवढंच म्हणायचे.

एकदा बळेच औशाला नेलं, मोबाईलचा नकाशा लावून. त्यातली बाई 'डावीकडे वळा, उजवीकडे वळा' सांगत होती आणि हे खिडकीबाहेर बघत होते. घरी आल्यावर म्हणाले, "पुढच्या बारीला हिलाच ने."

मार्चमध्ये मारोतरावांचा फोन आला. उमरीजवळच्या एका खेड्यात त्यांची शेती आणि खतबियाण्यांचं दुकान आहे, यांचे जुने गिऱ्हाईक आणि त्याहून जुने दोस्त. "हळद शिजवायला काढली, अप्पा. आता तरी या की!" हे "बघू" म्हणाले. यांचं 'बघू' म्हणजे 'नाही' हे मला लग्नापासून ठाऊक आहे. पण मी मनाशी ठरवलं, जायचंच, आणि हे डाव्या सीटवर बसून मला रस्ता सांगणार.

मुलगा नोकरीला गेला तेव्हा त्याचा भला मोठा सतरा इंची लॅपटॉप घरीच पडून राहिला होता. (टॅबलेट का नाही, असं विचारणाऱ्यांसाठी: घरात आहे ते आधी वापरावं, या मताची मी आहे.) त्यावर इंटरनेटशिवाय चालणारा नकाशा उतरवून घेतला. पार्श्वभूमी काळी केली, रस्ते जाड पिवळे. यांनी मान तिरकी करून, डोळ्याच्या कोपऱ्यातून, बराच वेळ पाहिलं. मग बोट ठेवून म्हणाले, "हे अहमदपूर ना?" मी स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसले.

अडचण एकच. आपली गाडी कुठं आहे हे लॅपटॉपला कळत नाही. त्याला बाहेरून जीपीएस रिसीव्हर जोडावा लागतो.

लातुरात दुकानदार आधी हसला. "मॅडम, मोबाईलमधी असतंय की हे सगळं!" मी त्याला डोळ्यांचं सांगितलं. मग मात्र त्यानं खुर्ची दिली आणि तीन प्रकार पुढ्यात मांडले. एक पेनड्राइव्हसारखा, थेट लॅपटॉपला खोचायचा. स्वस्त, पण तो बाजूला बाहेर येतो, यांचं कोपर लागून मोडलाच असता. शिवाय मांडीवरच्या लॅपटॉपला वर टपाचा पत्रा, आभाळ कमीच दिसणार. दुसरा बिनतारी, पण त्याला रोज चार्ज करा, रोज लॅपटॉपशी ओळख करून द्या. तिसरा माऊससारखा गोल, खाली लोहचुंबक, मागं लांब वायर. तो गाडीच्या टपावर चिकटतो आणि वायर दाराच्या रबरातून आत घेता येते. मी तिसरा घेतला. दीड-दोन हजारांत काम झालं. दुकानदारानं एक लाखमोलाची गोष्ट सांगितली, ती तुम्हीही लक्षात ठेवा: वायर दरवेळी लॅपटॉपच्या एकाच खाचेत लावायची. खाच बदलली की नकाशाला रिसीव्हर सापडत नाही. आणि सुरुवातीला उघड्या आभाळाखाली थोडं थांबायचं. उपग्रह सापडले की नकाशावरचा बाण लाल होतो.

निघायच्या सकाळी यांनी टपावरच्या त्या काळ्या गोळ्याला तीन बोटांनी विभूती लावली. मी धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी स्टीलच्या डब्यात भरली. यांच्या मांडीवर उशी, उशीवर देवघरातला जुना पाट, पाटावर लॅपटॉप. आमच्या जुन्या गाडीला डावीकडे एअरबॅग नाही. तुमच्या गाडीला असेल तर लॅपटॉप मांडीवर न घेता बाजूला स्टँड लावून घ्या.

चाकूर गेलं. अहमदपूरच्या अलीकडे पहिल्यांदा म्हणाले, "पुढं वळण हाय, हळू घे." लोह्यापर्यंत तर माझ्या गिअर बदलण्यातल्या चुका काढायला लागले. एरवी मी भांडले असते. रस्ता आता चांगला आहे, गाडी निवांत चालते. नांदेडला दुपारी गुरुद्वाऱ्यात लंगरात जेवलो आणि स्टेशनजवळ साध्याशा लॉजवर मुक्काम केला. चोरीला जायला नको म्हणून मी टपावरचा रिसीव्हर काढून आत घेतला.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा टपावर लावायचा कंटाळा केला आणि काचेमागं डॅशबोर्डवरच ठेवला. समोरच्या काचेतून आभाळ दिसतं, तेवढं त्याला पुरतं. बारड मागं पडलं, भोकर आलं. भोकरला एका दुकानाच्या पायरीवर चहा झाला. दुकानदारानं यांना आवाजावरून ओळखलं, यांनी त्याला. मी गाडीत बसून धपाटा खाल्ला.

भोकर सोडल्यावर काही वेळानं हे एकदम गप्प झाले. मी विचारलं, "अहो, पुढं काय?"

"सरळ."

पुढं फाटा आला. "आता?"

"तूच बघ."

मला राग आला. इतकं सगळं जमवून आणल्यावर हा माणूस पुन्हा तोंड फिरवतो म्हणजे काय! "पुन्हा सामान व्हायचंय का?" असं मी बोलून गेले. यांनी लॅपटॉप मिटला. चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसावा तसा शर्टाच्या टोकानं पुसत राहिले.

"बाण दिसंना," हे म्हणाले. "भोकरपासून. उरलेलं बी गेलं वाटतं."

मी गाडी एका लिंबाखाली घेतली. आता कोणत्या दवाखान्यात जायचं, नांदेडला परतायचं की थेट हैदराबाद, एवढं सगळं एका क्षणात डोक्यात येऊन गेलं. मग लॅपटॉप उघडून माझ्याकडं वळवला आणि पाहते तर मलाही बाण सापडेना. नीट निरखल्यावर दिसला: काळ्यावर मळकट राखाडी. कोपऱ्यात बारीक अक्षरांत 'सिग्नल नाही' असं लिहिलेलं.

"अहो, तो मलाही दिसत नाही!" मी जवळजवळ ओरडलेच. "डोळे नाही, यंत्र गेलंय!"

आणि तेव्हा माझी नजर डॅशबोर्डवर गेली. रिसीव्हरची वायर धपाट्यांच्या डब्याच्या झाकणाखालून येत होती. आमच्या घरात दूध, पीठ, ताक, काही म्हणजे काही उघडं ठेवायची पद्धत नाही. सासूबाईंनी तशी सवयच लावली आहे. भोकरला धूळ उडत होती, ऊन होतं, आणि माझ्या हातांनी, मला न विचारता, त्या बिचाऱ्यावर स्टीलचं झाकण घातलं होतं. स्टीलच्या खाली त्याला कुठला उपग्रह दिसणार!

मी झाकण उचललं. आम्ही दोघंही पडद्याकडं बघत बसलो, मी समोरून, हे तिरकी मान करून. काही होईना. मग बाण लाल झाला.

"आला," हे म्हणाले.

"दिसतोय?"

"दिसतोय." आणि मग झाकण हातात घेऊन चाचपत, "झाकून ठेवलंस व्हय? लोणचं हाय का ते?"

मी हसता हसता रडले. हे पाठीवर हात ठेवून बसून राहिले. मग स्वतःच म्हणाले, "चल. उजवा फाटा घे."

मारोतराव गावाबाहेरच्या वळणावर मोटारसायकल लावून उभेच होते. पुढची शेतवाट नकाशात नव्हती. "वयनी, तुम्ही चालवत आल्या?" त्यांचा विश्वास बसेना. "आन् अप्पा काय करून राहिले होते?"

"म्या आणलं तिला," हे म्हणाले. मारोतरावांनी माझ्याकडं पाहिलं. मी मान डोलावली, कारण ते खरंच होतं.

शेतात हळद शिजत होती. वाफेचा तो उग्र, मातकट वास कपड्यांत बसतो तो दोन धुण्यांत जात नाही. ज्वारीची भाकरी, पिठलं, ठेचा असं जेवण झालं. दोघं दोस्त ढिगाशी बसून कोणतं वाण कोणत्या वर्षी फसलं यावर वाद घालत होते. मी बाजेवर पडून ऐकत होते. येताना मारोतरावांनी हळकुंडांची पिशवी दिली, ती मी त्याच डब्यात घातली. त्याचं झाकण आता कायमचं पिवळं झालंय.

तिसऱ्या दिवशी लातूर गाठलं. परतीला रिसीव्हर टपावरच ठेवला होता.

डोळ्यांचं तसंच आहे. ते बरे होणार नाहीत हे आम्हा दोघांना माहीत आहे, आणि त्या लिंबाखालची ती काही मिनिटं मला अजून अधूनमधून आठवतात. कुठला रिसीव्हर घ्यावा, असं कुणी विचारलं तर मी वायरचा, चुंबकाचा सांगते आणि वर काही झाकू नका असंही सांगते.

काल भाजी आणायला गंजगोलाईकडं निघाले होते. रस्ता दोघांच्याही पायाखालचा. गाडीपाशी पोचते तर हे आधीच डाव्या सीटवर, मांडीवर उशी, उशीवर पाट. मी चावी फिरवायला गेले.

"थांब," हे म्हणाले, "बाण लाल होऊ दे."