डाव्या भिंतीचे ठोकळे

दूध गॅसवर ठेवलं की आत्या ओट्याला टेकून उभी राहायची आणि दूध वर येईपर्यंत एक डाव खेळायची. तळहातात मावणारा जुना, राखाडी खेळ. आत्ताच्या नोकरीच्याही आधी, पहिल्या पगारातून घेतलेला. पडद्यावर वरून ठोकळे पडायचे. ते फिरवायचे, डावीउजवीकडे सरकवायचे, खाली फट न ठेवता रचायचे. ओळ भरली की ती नाहीशी व्हायची. आत्या दुधाकडे कधीच बघायची नाही. “वर यायच्या आधी त्याचा आवाज बसतो,” ती म्हणायची. आवाज बसला की गॅस बंद, खेळ बंद, आणि मग चहा. मी शिकायला तिच्याकडे राहायला आले त्याला तीन वर्षं झाली होती. तेवढ्या काळात दूध एकदाही उतू गेलं नव्हतं.

आत्या लोखंडी पाइपांच्या गोदामात क्रेन चालवायची. छताखाली रुळांवरून सरकणारी क्रेन आणि तिच्या पोटाला लटकवलेली काचेची केबिन. सेहेचाळीस पायऱ्यांची उभी शिडी चढून सकाळी वर गेली की जेवायलाच खाली. अशी बावीस वर्षं. नोकरीच्या परीक्षेत काठोकाठ भरलेली पाण्याची बादली हुकाला लावून खडूने काढलेल्या वर्तुळात ठेवायला सांगितली होती. आधीच्या चार पुरुषांनी जमीन धुऊन काढली. आत्याच्या बादलीतून थेंब सांडला नाही. साहेबांनी विचारलं, कुठे शिकलात? ती म्हणाली, “ठोकळ्यांच्या खेळात.” साहेब हसले. तिने मात्र खरं तेच सांगितलं होतं.

खाली उभं राहून तिला हातांनी इशारे करणारा माणूस म्हणजे पहिलवान. अंगावर मूठभर मांस नाही, म्हणून पहिलवान. आमच्याच गल्लीत राहायचा. संध्याकाळी सुटला की घरी जाण्याआधी आमच्याकडे चहा, आणि चहाबरोबर भांडण. विषय एकच: जगातला सगळ्यात भारी खेळ कोणता.

आत्याच्या यादीत चारच खेळ होते. पाचवा तिने कधी येऊ दिला नाही. पहिला ठोकळ्यांचा. दुसरा जुन्या फोनमधला साप. “स्वतःच्याच शेपटीला धडकून मरतो. दुसऱ्या कोणाचा त्यात हात नाही.” तिसरा तिच्या लहानपणी बाजारातल्या एका दुकानात होता, खुर्चीत बसून खरोखरचं स्टिअरिंग फिरवायचा, मोटारींचा. “सातव्या वळणावर मी दर वेळी आपटले. पण वळण रोज तिथेच असायचं. फसवलं नाही कधी.” चौथा शेतीचा, पेरायचं, पाणी घालायचं आणि झोपायचं. त्यात कोणी मरत नव्हतं. “तो म्हातारपणासाठी राखून ठेवलाय.”

“आणि माझा?” पहिलवान विचारायचा. त्याचा म्हणजे नवा, डोंगरदऱ्यांचा, घोड्यांचा आणि तलवारींचा, साठ तासांची गोष्ट असलेला.

“तो खेळ नाही, सिनेमा आहे. बघणाऱ्याला डुलकी लागू नये म्हणून मधूनमधून बटण दाबायला लावतात.”

“ताई, तुम्ही तो खेळलाच नाहीत.”

“तुला खेळताना बघितलंय ना. मेलास की म्हणतोस, बटण अडकलं. नाचता येईना...”

“अहो, खरंच अडकतं!”

“...अंगण वाकडं. अरे, भारी खेळ तोच, ज्यात हरल्यावर चूक कोणाची ते समोर दिसतं. माझ्या खेळात फट राहिली तर ती मी ठेवलेली असते. डाव संपेपर्यंत डोळ्यांसमोर. बटणाला दोष देणारा कच्चा खेळाडू.”

म्हणूनच एका सकाळी चहा गाळता गाळता “डावं बटण चिकटायला लागलंय बहुतेक,” असं ती म्हणाली, तेव्हा मी वहीतून मान वर केली.

तिने पडदा दाखवला. उजवीकडचे ठोकळे नेहमीसारखे घट्ट, एकही फट नाही. डाव्या भिंतीला मात्र चार ठोकळे एकावर एक चढले होते. न फिरवलेले, वेडेवाकडे, थेट वरपर्यंत. सुरेख अक्षरातल्या पानावर मध्येच दुसऱ्या कोणी रेघोट्या ओढाव्यात तसे.

त्या रविवारी तिने जमिनीवर वर्तमानपत्र पसरून खेळ उघडला. कापसाला स्पिरिट लावून आतलं सगळं पुसलं. बटणाखालचं रबर बदललं. बटण पुन्हा नव्यासारखं वाजायला लागलं. बुधवारी सकाळी डाव्या भिंतीला परत मनोरा उभा. या वेळी तिने बटण तपासूनही पाहिलं नाही. खेळ खिशात टाकला आणि माझ्या चहात दोनदा साखर घातली.

गुरुवारी मी स्वतः पाहिलं.

मी दारात केस विंचरत होते. दुधाचा आवाज बसला. इतक्या दिवसांत माझाही कान तयार झाला होता. आत्याचा हात गॅसकडे गेला नाही. तिचे डोळे उघडे होते, पडद्यावरच होते, पण ती बघत नव्हती. ओठ हळूहळू हलत होते, काही चघळत असल्यासारखे. दूध उतू गेलं. ज्योत फसफसली. ओट्यावरून धार ओघळून तिच्या पावलावर पडली आणि पाऊल हललं नाही. मी हाक मारली. दुसरी हाक मला मारताच आली नाही. तिचा डावा अंगठा बटणावर रुतला होता, नख पांढरंफटक पडलं होतं.

मग ती परत आली. मला याहून वेगळा शब्द सुचत नाही.

“अगं, दूध!” ती माझ्यावरच खेकसली. “बघत काय उभी राहिलीस?”

मी गॅस बंद केला. “आत्या, कुठे होतीस तू?”

“इथेच. कुठे जाणार?”

“पाय भाजलाय तुझा.”

तिने पायाकडे पाहिलं, मग पडद्याकडे. भिंतीला चिकटून मनोरा उभा होता.

“बटण चिकटलं नव्हतं,” मी म्हणाले. “तूच दाबून धरलं होतंस.”

ती स्टुलावर बसली. बराच वेळ पायावर थंड पाणी ओतत राहिली.

“वर क्रेनमध्ये असं कधी झालेलं नाही,” ती म्हणाली.

“तुला कसं कळणार?”

तिने तांब्या खाली ठेवला, पुसायला फडकं शोधलं, आणि मग एकदम समजावल्यासारखं बोलायला लागली. “क्रेनच्या लिव्हरला स्प्रिंग असते. हात सुटला की लिव्हर मधोमध येतं आणि क्रेन जागेवर थांबते. त्यासाठीच असते ती. कोणाला चक्कर आली, काही झालं, तर हात सुटतोच.”

“तुझा सुटला नव्हता, आत्या.”

पायाला पट्टी बांधून ती कामावर गेली. मी तिला अडवलं नाही. दिवसभर वाचनालयात फोन समोर ठेवून बसले. गोदामाचा नंबर त्यात होता. मी एक फोन केला असता तर ती सेहेचाळीस पायऱ्या शेवटच्या उतरली असती, आणि ते माझ्या तोंडून झालं असतं. केला नाही, तर हुकाखाली पहिलवान उभा होता. बाहेर रस्त्यावर कसलाही भोंगा वाजला की फोन हातात घ्यायचे, परत ठेवायचे. मी पान उलटायचे. त्या दिवशी वाचलेल्यातलं एक अक्षर आज मला आठवत नाही.

संध्याकाळी ती धडधाकट घरी आली. पाय भाजल्याचं सांगून तिने दोन दिवस रजा टाकली होती.

“रविवारी बघू,” ती म्हणाली. “दिवसभर खेळते. तू समोर बस. खेळ सांगेल ते ऐकायचं. कबूल?”

“डॉक्टरांना दाखवू या.”

“आधी खेळ.”

रविवारी न्याहारी झाल्यापासून खिडकीतला उजेड संपेपर्यंत ती खेळली. चाळीस डाव. मी पडद्याकडे नाही, तिच्या अंगठ्याकडे बघत होते. तिने आवंढा गिळला तरी मी खुर्चीतून अर्धी उठायचे. “अगं, माणूस गिळणारच की,” ती म्हणाली आणि आम्ही दोघी हसलो, जरा जास्तच. चाळीसपैकी एकाही डावात डावी भिंत चढली नाही.

“बघ,” ती म्हणाली. “झोप कमी पडत होती, बाकी काही नाही.”

मला तेच ऐकायचं होतं. मी मान डोलावली.

सोमवारी संध्याकाळी पहिलवान नेहमीसारखा चहाला आला. दारातूनच बोलत आला.

“आज ताईंनी माझ्यावर सूड उगवला बरं का! दुपारी पाइपांचा गठ्ठा येतोय, मी थांबायचा हात केला. गठ्ठा आपला येतोच आहे. मी मागे, तो पुढे. मी मागे, तो पुढे. पाठीला भिंत लागली माझ्या. मग मारली शिट्टी. तेव्हा कुठे थांबला, हा इथे.” त्याने छातीसमोर वीतभर अंतरावर हात धरला. “म्हटलं, ताई अजून त्या सिनेमावरून चिडल्यात.” तो हसत होता, पण त्याने चहाला तोंड लावलं नव्हतं. “खरं सांगा, बटण अडकलं होतं का?”

आत्याने कप खाली ठेवला.

“कधी?”

“कधी म्हणजे? जेवणानंतरचा पहिलाच गठ्ठा.”

“कुठली भिंत?” तिने अगदी हळू विचारलं.

“डावी. तुमच्या डाव्या हाताची.”

आत्याला ती शिट्टी आठवत नव्हती. गठ्ठा उचललेला आठवत नव्हता. जेवण आठवत होतं, शिडी आठवत होती, आणि त्यानंतर गठ्ठा आपोआप खाली ठेवलेला होता. पहिलवान तिच्या तोंडाकडे बघत राहिला आणि त्याचं हसू एकेका बाजूने उतरत गेलं.

मग तिने त्याला सगळं सांगितलं. रबर बदललं तेही, चाळीस डाव खेळली तेही. लहान मुलीने शाळेतली चोरी कबूल करावी तशी, खाली मान घालून.

पहिलवानने खिशातून रुमाल काढला, तोंड पुसलं. “हे बघा ताई, हे आपल्या तिघांतच राहू दे. तुम्हाला निवृत्त व्हायला तीनच वर्षं राहिलीत. मी जरा लांब उभा राहीन. थांबला नाही तर दोन शिट्ट्या मारीन. काय त्यात?”

आत्याला ते हवं होतं, हे मला दिसत होतं, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला तिचीच भीती वाटली.

“तू मागे सरत होतास,” शेवटी ती म्हणाली. “आणि मी तिथे नव्हतेच. शिट्टी कोणासाठी मारणार?”

“अहो, पण...”

“वेडा आहेस का तू? घरी तुझी पोरं आहेत.”

तिने आमच्यासमोरच साहेबांना फोन लावला. आवाज खणखणीत होता. “साहेब, उद्यापासून मी वर चढणार नाही. नाही, पायाचं काही नाही. डोक्याचं आहे.” पलीकडचं ऐकत ती बराच वेळ उभी होती. “हो. आजच. पहिलवान खाली होता. नाही, लागलं नाही कोणाला.” एवढं बोलून ती मोरीत गेली आणि नळ सोडला. पाणी खूप वेळ वाहत होतं.

दवाखान्यात बुधवारची वेळ मिळाली. केस धुऊन या, तेल लावू नका, डोक्याला तारा लावायच्या आहेत, असं सांगितलं होतं. लांबट, पांढऱ्या बोळात बाकावर आम्ही तिघं. पहिलवान रजा टाकून आला होता. मध्ये बसून आत्याने डाव्या हाताने माझा हात धरला होता. मी दर थोड्या वेळाने बोटं हलवून बघत होते, ती सोडते का. दर वेळी ती सोडायची. तरी मी पुन्हा बघायचे.

पहिलवानला गप्प बसवेना. “ताई, माझ्या त्या खेळात आता एक नवा डोंगर आलाय.”

आत्या समोरच्या भिंतीकडे बघत होती. “त्यात मध्येच मेलं तर पहिल्यापासून?”

“छे! जिथे होतात तिथूनच पुढे. घोडा कुठे बांधला, पिशवीत काय होतं, सगळं तो लक्षात ठेवतो.”

“आपण विसरलो तरी?”

“आपण विसरलो तरी.”

“मग बरा असेल,” ती म्हणाली. एवढ्या दिवसांत तिने त्या खेळाला प्रथमच खेळ मानलं होतं. पहिलवानला ते जिंकणं नको होतं. तो उठून पाणी आणायला गेला, आणि आणलं ते स्वतःच प्यायला.

निळ्या कपड्यांतल्या बाईने दार उघडून आमचा नंबर पुकारला. आत्या उठली. मी बरोबर निघाले, तर बाईने मला हातानेच थांबवलं. आत एकटीनेच जायचं होतं. दारातून आतलं दिसत होतं: अरुंद पलंग, त्याच्या उशाशी रंगीबेरंगी तारांचा झुबका, आणि अजून काहीच न उमटलेला काळा पडदा. आत्या उंबऱ्यापाशी थबकली. तिने मागे वळून आमच्याकडे पाहिलं नाही. खाली पायांकडे पाहिलं आणि त्या बाईला विचारलं,

“चपला इथेच काढू, की आत?”