खाटेखालची झोप

बेघर मुलींच्या वसतिगृहात मी स्वयंपाकीण. तिथल्या एका मुलीला सगळ्या खारूताई म्हणत. लहानपणी उशीच्या अभ्र्यात पाव लपवायची, म्हणून. अठरा पूर्ण झाली की मुलीला बाहेर पडावं लागतं. पूर्वी हातात पिशवी द्यायचे आणि दार लावून घ्यायचे. आता नवी योजना आली आणि खारूताईला चक्क खोली मिळाली. खिडकी, शेगडी, स्वतःची किल्ली. अट एवढीच, की तिथे तिनेच राहायचं आणि एकटीनेच.

ती लाँड्रीत चादरींना इस्त्री करायची. सकाळी ती कामावर असताना योजनेच्या मॅडम दोनदा येऊन गेल्या. घरमालकिणीने दार उघडून दिलं. खाटेवरच्या चादरीची घडीसुद्धा मोडलेली नव्हती, उशी अजून प्लॅस्टिकच्या पिशवीतच. मुलगी राहते दुसरीकडेच, असं मॅडमनी धरून चाललं. पुढच्या खेपेला असंच दिसलं तर खोली दुसरीला देऊ, असं घरमालकिणीकरवी तिला बजावलं.

मला कळलं तेव्हा माझं डोकंच फिरलं. दुपारी तडक तिची खोली गाठली. हातातोंडाशी आलेला घास घालवतेस, अक्कल गहाण ठेवलीस का, असं बरंच सुनावलं. ती नखं कुरतडत राहिली. मग तिने खाटेखाली बोट दाखवलं. तिथे जुनं पांघरूण होतं आणि कडेला पावाचा तुकडा.

"वर झोपलं की छत फार लांब वाटतं, मावशी," ती म्हणाली. "आणि खाली झोपले, तरी वर कोणी कूस बदलत नाही."

वसतिगृहातल्या खाटा दुमजली. ही कायम खालच्या खाटेवर. माझा राग कुठल्या कुठे पळाला, नुसतं भरून आलं. जागून तिचे डोळे लाल झाले होते. म्हटलं, शिर आत. आणि हा एवढा अवजड देह घेऊन मी वर आडवी झाले. कूस बदलली, खाट करकरली. थोड्या वेळाने खालून बारीक घोरणं ऐकू यायला लागलं.

तेवढ्यात मॅडम दारात. मी ओठांवर बोट ठेवलं आणि खाली खूण केली. त्या वाकल्या, बराच वेळ वाकूनच राहिल्या.

"सोबत दुसरी मुलगी ठेवता येईल का, विचारून बघते," त्या कुजबुजल्या. "तोवर खोली हिचीच."

त्या गेल्या. तिकडे संध्याकाळचा स्वयंपाक माझ्यासाठी खोळंबला होता. पण उठले असते तर वर कोणी नाही हे तिला झोपेतही कळलं असतं. मी पुन्हा कूस बदलली.