शर्टावर ठेवलेली इस्त्री

संग्रहालय बघायला निघताना इस्त्रीवाल्या काकांनी कापडी पिशवी घडी करून खिशात घातली, आणि पाणी कुठे मुरतंय ते काकूंनी ओळखलं.

"दिलेली वस्तू परत मागायची नाही हं," त्या म्हणाल्या.

"कोण मागतंय? बघायला तर चाललोय."

चालले होते मागायलाच. जुन्या कोर्टाच्या जिन्याखाली काकांनी उभा जन्म वकिलांचे काळे कोट इस्त्री केले, तेही वडिलांच्या कोळशाच्या इस्त्रीने. पुढे कोर्ट नव्या इमारतीत गेलं. जुनीची नीट डागडुजी होऊन तिथे या भागाच्या इतिहासाचं संग्रहालय झालं, आणि घर आवरताना काकूंनी ती इस्त्री तिकडे देऊन टाकली. "एखाद दिवशी पायावर पडेल," एवढंच त्यांचं म्हणणं. काका तेव्हा हो म्हणाले आणि मग चुटपुटत बसले.

इमारत मात्र नटली होती. भिंतींना ताजा चुना, कठड्याला तेलपाणी. जिन्याखाली, काकांच्या जागी, मोठी कुंडी. त्यांना आधी राग आला, मग झाड बरं वाटलं. नांगर, नकाशे, धान्याची मापं बघत दोघं वरच्या दालनात आली आणि काका दारातच थबकले.

इस्त्री होती. स्वच्छ पुसलेली, दिव्याच्या उजेडात. पण ठेवली होती ती चक्क घडी घातलेल्या पांढऱ्या शर्टावर.

काकांनी बोट जिभेला लावलं आणि पटकन इस्त्रीला टेकवलं.

"काका, हात नका लावू," म्हणत संग्रहालयाच्या बाई लगबगीने आल्या.

"शर्ट जळेल हो."

"गार आहे ती."

"आहे गार. बघितली मी." काका ओशाळले, पण जागचे हलेनात. "तरी कापडावर इस्त्री टेकवून कोणी बाजूला होतं का? मला नाही जमायचं असं सोडून जायला."

"जित्याची खोड," काकू पुटपुटल्या.

बाईंना हसू आलं. तरी त्या खाली गेल्या आणि अंगणातून फरशीचा एक तुकडा घेऊन आल्या. "यावर चालेल? तुम्हीच ठेवा."

काकांनी मूठ धरली. बापलेकांच्या तळव्यांनी झिजून लाकूड खोलगट झालेलं, हात आपोआप बसला. त्यांनी इस्त्री उचलली. काकू त्यांच्या खिशाकडे बघत होत्या. मागितली असती तर बाई बहुतेक नाही म्हणाल्या नसत्या. पण घरी ती माळ्यावर धूळ खात पडली होती. इथे उजेडात होती, माणसं थांबून बघत होती, आणि जिनाही आपलाच होता. काकांना मनापासून बरं वाटलं. त्यांनी ती फरशीवर अलगद ठेवली.

मग त्यांचं लक्ष शर्टाकडे गेलं. वजनाने कॉलर पार चुरगळली होती.

काकांनी खिशातली पिशवी काढून झटकली. "शर्ट तेवढा द्या," ते बाईंना म्हणाले. "संध्याकाळी आणून देतो."