लिमेयोचे पांढरे खडे

लिमेयो माझी मामेबहीण, आणि लहानपणापासून ती माझ्या डोळ्यांत खुपत आलीय. आईवेगळी पोर म्हणून सगळं गाव तिचे लाड करी. परक्या बेटावर काढलेल्या तीस वर्षांत तिच्या केवड्याच्या चटया हातोहात जायच्या. माझ्या चटयांच्या कडा वाकड्या व्हायच्या. नवराही तिला हसरा मिळाला. माझा कसा होता ते विचारू नका.

अणुबॉम्बच्या चाचण्यांसाठी आम्हाला तिकडं हलवलं होतं, आणि त्या चाचण्यांनी आमचं बेट नासलं होतं. लोक परतायच्या आधी दोन-तीन हात खोल विषारी माती खरवडून न्यायचं ठरलं, तेव्हा लिमेयो फावडं घेऊन कामावर लागली. बहुतेक झाडं पडली होती आणि हद्दीच्या खुणा गेल्या होत्या. गाव सुटलं तेव्हा ती चार वर्षांची, मी अकराची, म्हणून सफाईच्या साहेबांनी हद्द मला विचारली.

तिची पट्टी ऐसपैस. माझी दोन चटया अंथरल्या की संपायची. माझ्या पोटात दुखलं. मी तिच्या नीरफणसाच्या पलीकडं बोट दाखवलं आणि वीस पावलं जमीन गिळली.

"इथं कुणाची कबर? असेल तर मशीन घालणार नाही, हातानं साफ करू," साहेब म्हणाले.

त्याच झाडाखाली झुडपांत मामी होती, लिमेयोची आई. समुद्रावरचे गोल पांढरे खडे मीच तिच्यावर पसरले होते. पण आमच्यात जमीन आईकडून येते आणि माणसाला त्याच्याच जमिनीत पुरतात. कबर कबूल केली की पट्टी लिमेयोची ठरणार.

"कुणाची नाही," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी बुलडोझर फिरला. लिमेयो ढीग भरता भरता थांबली, मूठ उघडून मला दाखवली.

"ताई, हे खडे समुद्रापासून इतके आत कसे?"

"लाटेनं आणले असतील."

"लाट निवडून पांढरेच आणते होय?"

माती होडीतून दूरच्या बेटावरच्या खड्ड्यात गेली, वर काँक्रीट पडलं. मामीही त्यातच गेली.

त्या वीस पावलांवर मी घर बांधलं. नाताळाला आम्ही कबरींवर नवे खडे पसरतो. पहिल्याच नाताळाला लिमेयो टोपली घेऊन माझ्या दारात.

"ताई, जरा पाय वर घे."

उंबऱ्यासमोर माणसाच्या लांबीएवढी जागा तिनं पांढरी केली. "शोभतंय गं तुझं अंगण," म्हणाली आणि गेली. अशी नऊ वर्षं ती येतेय. एक शब्द विचारलेला नाही. खडेही मेली माझ्यापेक्षा सरळ मांडते, आणि अजून मला तिचा हेवाच वाटतो.

यंदा ती खडे मांडत असताना माझ्याच्यानं राहवलं नाही.

"लिमेयो, मी मेले की मला कुठं पुरशील?"

तिनं मान वर केली नाही.

"तुझ्याच जमिनीत, ताई. दोन चटयांएवढी आहे की. पुरेल."